सीडी लावायची कुठे?

ऑक्टोबर २०२० मध्ये एकनाथ खडसे भाजप सोडून राष्ट्रवादीत गेले आणि जाता जाता सांगून ठेवलं, की माझ्यामागे ईडी लावली तर मी सीडी लावीन. टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी जुलैत ईडीने त्यांना चौकशीला बोलावलं. सीडीची महाराष्ट्र अजून वाट बघतो आहे. जाणकारांनी याचे नाना अर्थ काढले: दबाव आला असेल, तडजोड झाली असेल, योग्य वेळ यायची असेल. आमचा तर्क साधा आहे. मधल्या काळात नवा लॅपटॉप घेतला असणार, आणि त्याला सीडी घालायला जागाच नसणार.

हसण्यावारी नेऊ नका. कोकणात देवगडजवळच्या जामसंड्यात हा पेच नेहमीचा आहे आणि तिथे त्यात राजकारण काडीचं नाही. कंबर धरते, पाय बधिर होतो, डॉक्टर एमआरआय काढून या म्हणतात. जामसंडेकर घाट चढून कोल्हापूर गाठतो, नाहीतर बांदा ओलांडून गोव्यात बांबोळीला जातो. त्या नळकांड्यात पडून ठकठक ऐकून बाहेर आला, की हातात एक भलीमोठी पिशवी पडते. पिशवीत काळी फिल्म, दोन पानांचा रिपोर्ट आणि खिडकीच्या कागदी पाकिटात एक चकचकीत सीडी. माणूस ती पिशवी एसटीत मांडीवर घेऊन बसतो, वाकवत नाही, शेजाऱ्याचं कोपर लागू देत नाही. दुसऱ्या दिवशी सीडी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवतो. डॉक्टर आपला नवा लॅपटॉप उचलून त्याची डावी कड बघतात, उजवी कड बघतात, खाली ठेवतात आणि म्हणतात, "फिल्म दाखवा."

आता त्या पिशवीतला खरा ऐवज सीडीच असते. फिल्मवर निवडक चित्रं छापलेली असतात, रिपोर्टात दुसऱ्या डॉक्टरचं मत असतं. कण्याचे सगळेच्या सगळे काप, उजेड कमीजास्त करून आणि मोठे करून बघता येतील असे, फक्त सीडीवर असतात. जगभरच्या यंत्रांनी आणि दवाखान्यांनी त्यासाठी डायकॉम नावाची एकच पद्धत ठरवून घेतली आहे. ती उघडून दाखवणारा छोटा प्रोग्रामही बहुधा त्याच सीडीवर घालून देतात. बहुधा तो विंडोजवरच चालतो, म्हणजे अॅपलवाल्या डॉक्टरांना ड्राइव्ह सापडला तरी उपयोग नाही. एवढी चोख व्यवस्था आहे. फक्त ती तबकडी ठेवायला एक फळी हवी होती, ती तेवढी कुणीतरी काढून नेली.

मग पेशंट झेरॉक्सवाल्याकडे जातो. त्याच्याकडे जुनं कॅबिनेट असतं, त्याला डीव्हीडी रायटर असतो.

"काका, ट्रे भायर येणा नाय."

"मगे?"

"सुई घालूक व्हयी."

ड्राइव्हच्या तोंडाशी एक बारीक भोक असतं. त्यात सुई किंवा सरळ केलेला यूपिन खुपसला की ट्रे निमूट बाहेर येतो. बनवणाऱ्यांनी तशी सोयच करून ठेवलेली आहे. सीडी आत जाते, घरघरते, थांबते, पुन्हा घरघरते. झेरॉक्सवाला ती पेनड्राइव्हवर उतरवायला बसतो. आत त्याला जेपीजी दिसत नाही, पीडीएफ दिसत नाही. दिसतात त्या बिनशेपटाच्या शेकडो फाइली.

"ह्येच्यात फोटोच नाय हत, काका. रिकामी दिल्यानी तुमका."

शेवटी भाचा येतो. तो फिल्म ट्यूबलाइटसमोर धरतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि डॉक्टरांना व्हॉट्सअॅप करतो. फोटोत कणा दिसतो, ट्यूबलाइट दिसते आणि पाठीमागे कॅलेंडरवरचा गणपतीही दिसतो. कोट्यवधींच्या यंत्राने मिलिमीटरांत टिपलेलं दुखणं अशा रीतीने निदानापर्यंत पोचतं.

संगणकाला अंगचा डीव्हीडी ड्राइव्ह लागतो का, या प्रश्नाचं उत्तर शहाण्या जगाने कधीच देऊन टाकलं आहे. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी व्यासपीठावर एका साध्या कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. जगाने जाडी बघितली. ड्राइव्ह नाही हे आम्हाला जरा उशिरा कळलं. २०१२ मध्ये आयमॅकमधूनही तो गेला, आणि टेबलावर ठाण मांडून बसणाऱ्या यंत्राला बारीक व्हायची एवढी घाई कसली, हे कुणी विचारलं नाही. मग बाकीच्यांनी कित्ता गिरवला. लॅपटॉपात जागा म्हणजे बॅटरी, आणि सडपातळ म्हणवणारा ड्राइव्हही साडेनऊ मिलिमीटर जाड. त्यात फिरती मोटर, सरकती भिंगं, मोडायला हजार कारणं. आजचे कित्येक लॅपटॉप मिटून ठेवले तर दोन-चार मिलिमीटरांच्या फरकाने त्या ड्राइव्हएवढेच भरतात. शिवाय तबकडीत मावेल असं काही उरलंही नाही. सीडीवर ७०० एमबी, डीव्हीडीवर ४.७ जीबी. विंडोज ११ची फाइल त्या एका थराच्या डीव्हीडीत बसतच नाही. म्हणजे ज्या कामासाठी ड्राइव्ह ठेवा म्हणून आम्ही भांडलो असतो, ते कामच त्याच्या आवाक्याबाहेर गेलं. खटला संपला. आमचंही मत निकालाच्या बाजूनेच आहे: अंगच्या ड्राइव्हची गरज नाही. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूचं ओझं रोज पाठीवर कशाला?

पण निकालाची प्रत एका पक्षालाच मिळाली. लॅपटॉप बनवणाऱ्यांना कळलं, सीडी देणाऱ्यांना कुणी कळवलंच नाही. स्कॅन सेंटर देतं, वकील मागतात, लग्नाचा फोटोग्राफर आल्बमच्या शेवटच्या पुठ्ठ्यात खोचून देतो, प्रिंटरच्या खोक्यात ती अजूनही निघते. देणाऱ्याचं काम सीडी हातावर ठेवली की संपतं. घेतली म्हणून वहीत सही होते. ती कुठे लावायची, हा पुढचा प्रश्न घेणाऱ्याचा, आणि घेणारा बहुधा आजारी तरी असतो, नाहीतर कोर्टात तरी.

आता कुणी म्हणेल, जामसंड्यालाच नवं तंत्र झेपत नसेल. तर ऐका. देवगड तालुका आंबा उत्पादक संस्था जामसंड्याची. देवगड हापूसच्या नावाखाली कुठलेही आंबे खपतात, म्हणून या संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळाफळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर लावायचं ठरवलं. काढायला गेलं की फाटतो असा. गिऱ्हाइकाने त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला की आंबा खरा की खोटा ते कळतं. पिकल्यावर आठवडाभरात संपणाऱ्या फळाची ओळख मोबाइलवर पटते. सत्तर वर्षं चालवायच्या कण्याची ओळख मात्र सीडीवर, पाकिटात, पिशवीत.

सीडीबद्दल या गावाला राग नाही, हे आधी नोंदवतो. उलट लोभच आहे. दशावतार आणि डबलबारी घरात आणली ती कॅसेटनंतर हिनेच. व्हीसीडीवर चित्र मावतं तासाभराच्या थोडं वर, आणि दशावतार म्हणजे रात्रीचा खेळ. त्यामुळे एकेक आख्यान तीन-चार तबकड्यांत कापलेलं असे. संकासुर पहिल्या तबकडीत, राजाचा दरबार दुसऱ्या तबकडीत, आणि राक्षसाचा वध ज्या तबकडीत, ती नेमकी शेजारी नेलेली. डबलबारीत एका बुवाचा गजर आपल्या घरात आणि समोरच्या बुवाने दिलेलं उत्तर दुसऱ्या वाडीत, अशीही सोय होती. मुंबईहून येणारा चाकरमानी गणपतीत पेढ्यांबरोबर व्हीसीडी आणायचा. मोझर बेअरने व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना काढली, तेव्हा तर चोरट्या सीडी विकणाऱ्यांनाच घाम फुटला. अठ्ठावीस रुपयांत चोरी परवडत नाही. त्या कंपनीने हजेरीची वेळ नोंदवणाऱ्या यंत्रांपासून सुरुवात केली होती, मग ती फ्लॉपीकडे वळली. सीडीवर ती जगभर मोठी झाली आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणाने तिची विक्री करायचा हुकूम काढला. ज्या वस्तूवर उभी राहिली तिच्याच पायरीने उतरली.

एमएससीआयटीच्या वर्गात शिकवलेलं 'ट्रे हाताने ढकलू नये, बटण दाबावे' हे तालुक्यातल्या हजारोंना पाठ असेल. बटण राहिलं नाही, पाठांतर राहिलं.

सीडी संपवली ती अॅपलने असं आपण म्हणतो. कोकणात ते काम पावसाने आधीच सुरू केलं होतं. जून ते सप्टेंबर इथे चामड्याच्या चपलेला बुरशी येते, आल्बमला येते, कपाटातल्या पैठणीला येते. सीडी प्लॅस्टिकची, तिला काय होणार, अशी समजूत होती. बेलीझ नावाच्या मध्य अमेरिकेतल्या दमट देशातून आणलेल्या एका सीडीवर २००१ मध्ये स्पॅनिश संशोधकांना बुरशी सापडली, आणि ती सीडीचा आतला चकचकीत थर फस्त करत होती. त्या संशोधकांनी जगाला कळवलं. आमच्याकडे लोकांनी सीडी पंच्याने पुसली आणि परत लावली.

पुसतानाही गोल गोल पुसली. चुकीचं. सीडीवरचा मजकूर मधल्या भोकापासून कडेकडे गोल गोल फिरत गेलेल्या एकाच रेघेवर असतो. ती रेघ उलगडली तर पाच किलोमीटरांहून लांब भरते. गोल पुसताना ओरखडा पडला तर त्या रेघेचा लांबच लांब तुकडा जातो. मधून कडेला सरळ पुसलं तर रेघ ठिकठिकाणी जराशी तुटते, आणि तेवढं ड्राइव्ह सांभाळून घेतो. दुसरी गंमत अशी, की आपण जपतो ती चकचकीत बाजू दणकट असते, तिच्यावर मिलिमीटरभर जाडीचं प्लॅस्टिक असतं. नाजूक ती नावाची बाजू. तिथे धातूचा थर आणि आपण यांच्यात नुसता लॅकरचा पापुद्रा. तिच्यावरच आपण बॉलपेन दाबून 'बाबांचा एमआरआय' असं लिहितो. घरी राइट केलेल्या सीडीत तर मजकूर रंगाच्या थरात असतो, तो उन्हाने उडतो. परसात भाजीच्या वाफ्यावर पाखरं हाकलायला दोरीला बांधलेल्या सीडी बघा. कुणाच्या तरी लग्नातल्या पंगती तिथे ऊन खात असतात.

तर असं हे नाजूक प्रकरण. आणि आपल्या सरकारी कागदांत ते अजून तरुण आहे. तरुण म्हणजे किती, तर काही ठिकाणी अजून जन्मायचंय. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा. माहिती कशाकशातून मागता येईल ते त्यात लिहिलं आहे: डिस्केट, फ्लॉपी, टेप, व्हिडिओ कॅसेट, किंवा दुसरं कुठलंही इलेक्ट्रॉनिक साधन. सीडीचं नावच नाही. बिचारी 'दुसऱ्या कुठल्याही' मध्ये उभी आहे. केंद्राने २०१२ मध्ये शुल्काचे नवे नियम काढले, तेव्हाही दर ठरवला तो फ्लॉपीचाच, पन्नास रुपये. २०१२ मध्ये पन्नास रुपयांत फ्लॉपी देऊ म्हणणं हे मोठ्या मनाचं लक्षण आहे, कारण ती शोधायला अर्जदाराला बहुधा संग्रहालयात जावं लागलं असतं. जपानमध्ये असेच फ्लॉपी आणि सीडी मागणारे नियम हजारावर होते. त्यांच्या डिजिटल मंत्र्याने फ्लॉपीविरुद्ध चक्क युद्ध पुकारलं आणि २०२४ मध्ये ते जिंकल्याचं जाहीर केलं. आमच्याकडे युद्ध नाही. आमच्याकडे सहअस्तित्व.

सहअस्तित्वाचा नमुना म्हणून भारतीय साक्ष अधिनियम घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू, म्हणजे अगदी ताजा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुना त्यात जोडला आहे. पुरावा कुठून आला त्याचे चौकोन आहेत: मोबाइल, फ्लॅश ड्राइव्ह, सर्व्हर, क्लाउड. आणि त्यांच्याच रांगेत सीडी/डीव्हीडी. म्हणजे ढगात ठेवलेली गोष्ट आणि पाकिटात ठेवलेली गोष्ट एका रांगेत. शेजारी हॅश नावाचा लांबलचक आकडा लिहायचा. पुराव्यातली एक मात्रा जरी बदलली तरी तो आकडा बदलतो. हे चांगलंच आहे. फक्त तो आकडा सीडीवरून काढायचा तर आधी सीडी लावावी लागते, आणि लावायची कुठे हे अधिनियमात नाही.

हा प्रमाणपत्राचा हट्ट कुठून आला? त्याची मोठी लढाई आपल्याच महाराष्ट्रात झाली. २०१४ ची विधानसभा, मतदारसंघ जालना. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल पडले. पडलेल्या बाजूचं म्हणणं होतं, की अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीनला संपली आणि खोतकरांचे अर्ज त्यानंतर घेतले गेले. निवडणूक कार्यालयात कॅमेरे होतेच. चित्रण मागितलं, ते व्हीसीडीवर मिळालं. हो, तीच व्हीसीडी, दशावतारवाली. आता ती खरी मानायची तर तेव्हाच्या साक्ष कायद्याच्या ६५-बी कलमाखालचं प्रमाणपत्र हवं, आणि ते निवडणूक अधिकारी काही केल्या देईनात. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० रोजी निकाल आला: मूळ यंत्रच कोर्टात आणा, नाहीतर प्रमाणपत्र हवंच. पण इथे मागणाऱ्यांनी हात-पाय झाडून पाहिले होते, आणि अधिकाऱ्यांच्या साक्षीतून बाकीचा पुरावाही आला होता, म्हणून अपील फेटाळलं. तोवर ती विधानसभा संपली होती, २०१९ ची निवडणूक होऊन गेली होती, आणि तीत गोरंट्याल निवडूनही आले होते. दुपारच्या तीनला काय घडलं हे ठरायला पावणेसहा वर्षं. देशभरच्या कोर्टांत आज या निकालाचा दाखला देतात. जालन्याने कायद्याला काय दिलं, तर ही व्हीसीडी.

या सगळ्यात सीडीची बाजूही मांडायला हवी, नाहीतर सदर एकतर्फी होतं आणि वाचकांची पत्रं येतात. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीवर नंतर गुपचूप फेरफार करता येत नाही. पेनड्राइव्हवर येतो. कोर्टाला सीडी आवडते ती उगाच नाही. दुसरं, ती आपली असते. तिला महिन्याचं भाडं नाही, पासवर्ड नाही. हल्ली काही स्कॅन सेंटर सीडीऐवजी लिंक पाठवतात. चांगलं वाटतं. ती लिंक ठरावीक दिवसांनी बंद होते, हे पुढच्या ऑपरेशनच्या वेळी कळतं. आणि श्रावणात जामसंड्याची लाइट जाते, तिच्यामागोमाग रेंज जाते, तेव्हा ढगात ठेवलेला एमआरआय ढगातच राहतो. खरे ढग तेव्हा इतके असतात की कुठल्यात ठेवला तेही सांगता येऊ नये. सीडी निदान कपाटात असते. वाचता येत नाही, पण असते. हे समाधान कमी नव्हे, आपण अर्धी अधिक कागदपत्रं याच समाधानावर सांभाळतो.

पण ही बाजू फार दिवस मांडता यायची नाही. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये घरी राइट करायच्या ब्लू-रे तबकड्या बनवणं बंद केलं. १९८२ मध्ये फिलिप्सच्या बरोबरीने सीडी जगात आणली ती याच सोनीने. बापानेच हात काढून घेतल्यावर आम्ही वकिली किती करणार?

तेव्हा लॅपटॉपवाल्यांशी भांडण नको. अंगचा ड्राइव्ह गेला, जाऊ द्या. भांडण देणाऱ्याशी हवं. जो सीडी देईल त्याने ती आपल्याच काउंटरवर लावून दाखवावी, आणि घेणाऱ्याने मागितलं तर त्याच पैशांत पेनड्राइव्हवरही घालून द्यावी. रिपोर्ट घेताना पेशंटनेच विचारावं, "ही उघडतली ना?" समोरचा गडबडतो. त्याच्याही काउंटरवर ड्राइव्ह नसतो, आतल्या खोलीत एक मशीन नुसतं सीडी मारत बसलेलं असतं. तिथून पुढे संभाषण उपयुक्त होतं. आणि कॉपी करायची झाली तर सीडीवरचं सगळं उचलायचं, फोल्डरसकट, शेपूट असो वा नसो. फोटो शोधत बसायचं नाही.

बाकी आमच्या ओळखीच्या एका वाडीने तोडगा काढला आहे. दीड-दोन हजारांत बाहेरून जोडायचा यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, तो वर्गणी काढून एकच घेतला. लग्नाकार्याला लागणारी वाडीची मोठी टोपं जशी एका घरी असतात आणि मागेल तो नेतो, तसा तो फिरतो. नेणाऱ्याचं नाव वहीत लिहितात. वहीत बहुतेक नोंदी एमआरआयच्या आहेत, एक वकिलाच्या कारकुनाची आहे. सगळ्यात जास्त वेळा ड्राइव्ह नेलाय तो गावच्या फोटोग्राफरने. त्याने मागच्या दिवाळीत नवा लॅपटॉप घेतला, आणि अजून चार लग्नांच्या डीव्हीडी द्यायच्या राहिल्यात.